कर्करुग्णाला मदत कुठे मिळते? – एक अभ्यास

अभ्यासासाठी शास्त्रभाग : मार्क 2:1–12



पक्षाघाती मनुष्याला चौघांनी उचलून आणले, ही गोष्ट आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. दारात गर्दी होती, पण ते परत फिरले नाहीत. त्यांनी छपरातून वाट काढली. आपल्या आदिवासी बांधवांसोबत रुग्णालयाच्या फेऱ्या करताना हा भाग मला नव्याने समजला.

डहाणू तालुक्यातील एका पाड्यावरच्या मावशी अनेक वर्षे मशेरी लावत. तोंडातली जखम सहा महिने भरली नाही, तेव्हा मी त्यांना मुंबईच्या एका रुग्णालयात नेले. रेशनकार्ड घरीच राहिले, मुक्कामाची चौकशीही मी केली नव्हती. ही चूक माझी. दोन रात्री आम्ही फूटपाथवर काढल्या. दुसऱ्या रात्री मावशी म्हणाल्या, "ताई, घरी जाऊ. मरायचंच तर आपल्या पाड्यावर मरू." दुखणे त्यांनी सहा महिने सोसले होते, पण रस्त्यावरच्या दोन रात्रींनी त्या खचल्या.

तिसऱ्या दिवशी दुसऱ्या एका रुग्णाच्या मुलाने आम्हाला समाजसेवा विभागाची खोली दाखवली. तिथून धर्मशाळेसाठी चिठ्ठी मिळाली आणि मावशी थांबल्या. त्या खोलीवरून आम्ही दोन दिवस ये-जा करीत होतो! मदत जवळच होती. ती दाखवणारे माणूस नव्हते. त्या अनुभवातून शिकलेल्या पाच गोष्टी तुमच्यापुढे ठेवते.

1. सुरुवात गावातून करा. तोंडातली जखम दोन-तीन आठवड्यांत भरली नाही, स्तनात गाठ लागली किंवा पाळी गेल्यानंतर रक्तस्राव झाला, तर आशाताईंना सांगा आणि प्राथमिक आरोग्य केंद्रात दाखवा. तिथून पुढच्या रुग्णालयासाठी चिठ्ठी घ्या.

2. कागद आधी तपासा. रेशनकार्ड आणि आधारकार्डावरील नावे जुळतात का, ते पाहा. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेतून पात्र कुटुंबाला वर्षाला 5 लाख रुपयांपर्यंतचे ठरावीक उपचार विनाशुल्क मिळतात. योजनेतील रुग्णालयात 'आरोग्यमित्र' बसतात. मंजुरी उपचाराआधी घ्यावी लागते, म्हणून पैसे भरण्यापूर्वी त्यांना भेटा.

3. समाजसेवा विभाग विचारा. मोठ्या रुग्णालयांत वैद्यकीय समाजसेवक असतात. औषधे, जेवण, मुक्काम यांसाठी कोणती संस्था मदत करते, हे त्यांना ठाऊक असते. धर्मादाय रुग्णालयांत निर्धन रुग्णांसाठी 10 टक्के खाटा राखीव असतात, त्याचीही चौकशी तिथेच करा.

4. प्रवास व मुक्काम ठरवूनच निघा. रुग्णालयाचा दाखला दाखवल्यास रेल्वेच्या स्लीपर वर्गात कर्करुग्णाचे भाडे माफ होते आणि सोबत्याला 75 टक्के सवलत मिळते. मुंबईच्या लोकलमध्ये कर्करुग्णाला दिव्यांगांच्या डब्यात बसता येते. दादरची गाडगे महाराज धर्मशाळा अनेक कर्करुग्णांना आसरा देते. लहान मुलांसाठी सेंट ज्यूड संस्थेची विनाशुल्क केंद्रे आहेत. जागा भरलेल्या असतात, म्हणून आधी विचारा.

5. घरी परतलेल्याला विसरू नका. खरी एकटेपणाची वेळ तीच. पट्टी बदलणे, पेज किंवा नाचणीची आंबील करून देणे, मुलांना सांभाळणे हे आपण करू शकतो. "हा रोग लागतो" अशी भीती पाड्यावर असते. आपण शेजारी बसून जेवलो की ती आपोआप कमी होते. आजार बरा होण्यापलीकडे गेला, तरी वेदना कमी करता येतात. वांद्र्याचे शांती अवेदना सदन 1986 पासून हीच सेवा करीत आहे.

मावशींची शस्त्रक्रिया व किरणोपचार पूर्ण झाले. बोलणे आता थोडे अस्पष्ट आहे. तरी पाड्यावरच्या बायकांना त्या तोंड उघडून दाखवतात आणि मशेरीची डबी फेकायला लावतात.

चर्चेसाठी प्रश्न

अ) त्या चौघांपैकी एकटाच असता, तर खाट उचलली गेली असती का? आपल्या मंडळीत कागदांचे, प्रवासाचे, मुक्कामाचे आणि घरच्या सेवेचे काम कोण घेईल?

आ) जवळचे आरोग्य केंद्र, योजनेतील रुग्णालय, आरोग्यमित्र आणि धर्मशाळा यांची माहिती आपल्याकडे लिहिलेली आहे का? नसल्यास या तिमाहीत चौकशी करून एका पानावर लिहा आणि मंडळीच्या फलकावर लावा. एक प्रत आशाताईंनाही द्या.

प्रार्थना करताना पाड्यांवर दुखणे लपवून बसलेल्यांची आठवण ठेवा आणि उठल्यावर त्यांच्या दारी जा.