छप्पर आणि घर : निवाऱ्यातील कुटुंबे व समाजाची भागीदारी

कुटुंब म्हणजे काय, या प्रश्नाचे उत्तर आपण समाजशास्त्राच्या पेपरात मर्डॉकच्या व्याख्येने देतो. समान निवास, आर्थिक सहकार्य आणि प्रजोत्पादन ही त्या व्याख्येतील तीन लक्षणे. परंतु ज्यांच्यापाशी निवासच नाही, त्यांचे काय? उड्डाणपुलाखाली तीन दगडांची चूल मांडून आई भात शिजवते, बाप नाक्यावर कामाची वाट पाहत उभा राहतो, मोठी मुलगी धाकट्याला कडेवर घेऊन पाण्याच्या रांगेत थांबते. आर्थिक सहकार्य येथे आहे, माया आहे, जबाबदारीही आहे. नाही तो फक्त निवास. अशा कुटुंबाला शहरातील बेघरांच्या निवाऱ्यात जागा मिळाली, म्हणजे त्याचा प्रश्न सुटला असे आपण सहज समजतो. वस्तुत: तेथून प्रश्नाचा दुसरा भाग सुरू होतो. निवारा छप्पर देतो. त्या छपराखालून कुटुंबाला स्वत:च्या घराकडे जाता येईल की नाही, हे मात्र निवाऱ्याच्या भिंतीबाहेरच्या समाजावर अवलंबून असते. प्रस्तुत लेखात याच गोष्टीचा थोडा विचार करावयाचा आहे.

प्रश्नाचे स्वरूप

जनगणनेच्या दृष्टीने बेघर कोण, हे ठरलेले आहे. रस्त्याकडेला, पदपथावर, सिमेंटच्या मोठ्या नळांत, उड्डाणपुलाखाली, जिन्याखाली, देवळाच्या उघड्या आवारात किंवा रेल्वेच्या फलाटावर राहणारे ते बेघर. २०११ च्या जनगणनेत २८ फेब्रुवारीच्या रात्री त्यांची मोजणी झाली. देशात सुमारे १७ लाख ७३ हजार माणसे बेघर आढळली. त्यांतील सुमारे २ लाख ११ हजार महाराष्ट्रातील होती. २००१ साली देशाचा हाच आकडा सुमारे १९ लाख ४३ हजार होता. म्हणजे दहा वर्षांत एकूण संख्या घटली. पण शहरांपुरते पाहिले तर चित्र उलटे दिसते. तेथे बेघरांची संख्या सुमारे ७ लाख ७८ हजारांवरून ९ लाख ३८ हजारांवर गेली.

याच जनगणनेतील आणखी एक आकडा आपल्या विषयाच्या दृष्टीने अधिक बोलका आहे. हे पावणेअठरा लाख लोक सुमारे साडेचार लाख कुटुंबांत विभागलेले होते. सरासरी काढली तर एका कुटुंबात जवळजवळ चार माणसे येतात. बेघर म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे एखादा एकटा, व्यसनी किंवा भ्रमिष्ट पुरुष उभा राहतो. आकडे मात्र सांगतात की पदपथावर मोठ्या संख्येने झोपतात ती कुटुंबे. त्यांत तान्ही मुले आहेत, शाळेच्या वयाची मुले आहेत, म्हातारी माणसे आहेत.

धर्मशाळेची परंपरा

परक्या माणसाला रात्रीपुरता आसरा द्यावा ही कल्पना आपल्याला नवी नाही. गावोगावच्या धर्मशाळा, देवळांच्या ओवऱ्या आणि चावड्या याच भावनेतून उभ्या राहिल्या. महाराष्ट्रात या कामाला आधुनिक वळण दिले ते संत गाडगेबाबांनी. १८७६ साली अमरावती जिल्ह्यातील शेंडगाव येथे जन्मलेल्या या पुरुषाने पंढरपूर, नाशिक, आळंदी, देहू, मुंबई अशा ठिकाणी धर्मशाळा उभ्या केल्या. पैसा लोकांचा, श्रम लोकांचे आणि व्यवस्था विश्वस्तांची. स्वत:च्या नावावर त्यांनी काहीही ठेवले नाही. आज आपण ज्याला 'लोकसहभाग' म्हणतो, तो त्यांनी कीर्तनातून घडवून आणला होता.

पंढरपूरच्या चोखामेळा धर्मशाळेचे उदाहरण या बाबतीत विशेष लक्षात घेण्याजोगे आहे. ही इमारत गाडगेबाबांनी १९४९ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीकडे सोपविली, ती विद्यार्थ्यांच्या वसतिगृहासाठी. आसऱ्याला शिक्षणाची जोड दिल्याखेरीज त्याचे सार्थक होत नाही, हे एका निरक्षर संताने ओळखले होते असे म्हटल्यास वावगे ठरू नये.

ही परंपरा मुंबईत आजही जिवंत आहे. परळच्या टाटा स्मारक रुग्णालयात उपचारासाठी देशभरातून कर्करोगाचे रुग्ण येतात. उपचार महिनोन् महिने चालतात आणि मुंबईत खोली भाड्याने घेणे बहुतेकांना परवडत नाही. अशा रुग्णांना व त्यांच्या नातेवाइकांना दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेचा मोठा आधार आहे. येथे कामाची वाटणी स्पष्ट आहे. रुग्णालय औषधोपचार करते, धर्मशाळा राहण्याची सोय पाहते, दाते अन्नाचा व खर्चाचा भार उचलतात. कोणी एकटा सर्व करू पाहत नाही.

परंतु धर्मशाळा आणि बेघर निवारा यांत एक मूलभूत फरक आहे. धर्मशाळेतील पाहुण्याला परत जाण्यासाठी कोठेतरी घर असते. निवाऱ्यातील कुटुंबाला ते नसते. म्हणून पहिल्याला मुक्काम पुरतो, दुसऱ्याला पुढची वाट लागते.

कायदा काय सांगतो?

१९८५ साली सर्वोच्च न्यायालयाने मुंबईतील पदपथवासीयांच्या गाजलेल्या खटल्यात, म्हणजे ओल्गा टेलिस विरुद्ध मुंबई महानगरपालिका या प्रकरणात, उपजीविकेचा हक्क हा राज्यघटनेच्या २१ व्या कलमातील जीविताच्या हक्काचाच भाग आहे असे मान्य केले. माणसे पदपथावर हौसेने राहत नाहीत, कामाच्या जवळ राहावे लागते म्हणून राहतात, ही गोष्ट त्या निकालातून पुढे आली. मात्र पदपथ मोकळे करण्याचा पालिकेचा अधिकार न्यायालयाने नाकारला नाही, हेही ध्यानात ठेवावयास हवे.

पुढे २००१ साली दाखल झालेल्या अन्नाच्या हक्काच्या खटल्यात न्यायालयाने २०१० मध्ये निवाऱ्यांचा प्रश्न हाती घेतला आणि शहरांत दर लाख लोकसंख्येमागे एक निवारा असावा, तो बारा महिने चोवीस तास चालावा, असे निर्देश दिले. २०१३ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय नागरी उपजीविका अभियानात याच धर्तीवर योजना आखली गेली. लाख लोकसंख्येमागे शंभर माणसांची सोय, माणशी किमान ५० चौरस फूट जागा, आणि पुरुष, स्त्रिया व कुटुंबे यांच्यासाठी वेगवेगळे निवारे असे तिचे स्वरूप होते.

आता थोडा हिशेब करू. २०११ साली बृहन्मुंबईची लोकसंख्या सुमारे १ कोटी २४ लाख होती. या नियमाने सुमारे १२,४०० माणसांची सोय व्हावयास हवी. त्याच जनगणनेत मुंबईतील बेघरांची संख्या मात्र ५७ हजारांहून अधिक भरली. म्हणजे नियम शंभर टक्के पाळला तरी पाचांपैकी जेमतेम एका माणसाला जागा मिळणार! निवाऱ्यातील प्रत्येक जागा इतकी मोलाची आहे. म्हणूनच तेथे आलेले कुटुंब लवकर आपल्या पायावर उभे राहिले पाहिजे. तरच ती जागा पुढच्या कुटुंबाला मिळेल.

भिंतीपलीकडची मदत

यासाठी कुटुंबाला काय लागते? पहिली गरज एकत्र राहण्याची. पुरुषांचा निवारा एकीकडे आणि स्त्रियांचा दुसरीकडे असेल, तर दाराशीच कुटुंब मोडते. मग नवराबायको विचार करतात की पदपथ परवडला, निदान मुले जवळ राहतील. निवारा कामाच्या नाक्यापासून दूर असला तरी हेच घडते. निवाऱ्यात न येणाऱ्या कुटुंबाला हट्टी म्हणण्यापूर्वी त्याचा हा हिशेब समजून घेतला पाहिजे.

दुसरी गरज मुलांच्या शिक्षणाची. १ एप्रिल २०१० पासून अमलात आलेल्या शिक्षणहक्क कायद्याप्रमाणे वयाचा दाखला नाही म्हणून कोणाही मुलाला प्रवेश नाकारता येत नाही. शाळा सुटलेल्या मुलाला त्याच्या वयानुरूप वर्गात घ्यावे आणि मागे पडलेला अभ्यास भरून काढण्यासाठी त्याला विशेष प्रशिक्षण द्यावे, असेही कायदा सांगतो. पण निरक्षर आईला हे कोण सांगणार? येथे जवळच्या शाळेचे मुख्याध्यापक आणि निवाऱ्याचे व्यवस्थापक यांची एक ओळख अनेक अर्जांचे काम करते.

तिसरी गरज आरोग्याची व पोषणाची. १९७५ साली सुरू झालेल्या एकात्मिक बालविकास सेवा योजनेतील अंगणवाडीत सहा वर्षांखालील मुलांना आहार मिळतो, वजन घेतले जाते, लसीकरणाची नोंद होते. निवाऱ्यातील मुले आपल्या यादीत आहेत असे त्या विभागाच्या अंगणवाडीसेविकेने मानले, तर ही सर्व साखळी आपोआप जोडली जाते.

चौथी गरज कागदपत्रांची. पत्ता नसलेल्या माणसाला कार्यालये ओळखत नाहीत. तरीही वाटा आहेत, त्या ठाऊक नसतात एवढेच. उदाहरणार्थ, बेघर माणसाला मतदार होण्यासाठी घराचा पुरावा लागत नाही. अर्जात सांगितलेल्या ठिकाणी तो खरोखर झोपतो की नाही, हे मतदान केंद्राचा अधिकारी रात्री जाऊन पाहतो आणि नाव नोंदवतो. त्याचप्रमाणे २०१९ पासून टप्प्याटप्प्याने लागू झालेल्या व्यवस्थेमुळे गावाकडच्या शिधापत्रिकेवर शहरातील रास्त भाव दुकानातून धान्य उचलता येते, आणि गावी राहिलेल्या माणसांना त्यांचा वाटाही मिळत राहतो.

पाचवी गरज बचतीची. मुंबईतील स्पार्क या संस्थेने १९८५ साली सुमारे सहा हजार पदपथवासी कुटुंबांची पाहणी प्रसिद्ध केली. त्या कामातून भायखळ्याच्या पदपथावरील स्त्रियांची 'महिला मिलन' ही संघटना १९८६ मध्ये उभी राहिली. या स्त्रिया रोज चार-आठ आणे बाजूला टाकीत, त्याचा हिशेब आपणच ठेवीत, आणि घर कसे असावे याचा आराखडाही आपणच करीत. पुढे त्यांच्यापैकी अनेक कुटुंबे मानखुर्दला पक्क्या घरांत गेली. संस्था सोबत होती, पण निर्णय बायांचा होता.

भागीदारी कोठे फसते?

समाजाची मदत निवाऱ्यापर्यंत येत नाही असे नाही. थंडी पडली की घोंगड्या येतात, सणाला मिठाई येते, एखाद्या जयंतीला वह्या येतात. पण जून महिन्यात मुलाला शाळेत नेऊन बसवायला कोणी येत नाही. एकाच कुटुंबाला तीन घोंगड्या मिळतात आणि जन्मदाखल्यासाठी ते तीन महिने हेलपाटे घालते. याचे कारण दानत कमी आहे हे नसून, कोणते काम कोणाचे हे ठरलेले नाही, हे आहे.

दुसरी अडचण विश्वासाची. १९५९ च्या भीक प्रतिबंधक कायद्याखाली माणसांना पकडून नेले जाते, हे बेघर कुटुंबांनी पाहिलेले असते. त्यामुळे नाव-गाव विचारणारा प्रत्येक शहाणासुरता माणूस त्यांना सरकारी वाटतो. दिल्ली उच्च न्यायालयाने २०१८ साली या कायद्यातील भीक मागणे हा गुन्हा ठरविणारी कलमे दिल्लीपुरती रद्द केली. इतरत्र ही भीती अद्याप संपलेली नाही. मदत देताना छायाचित्रे काढणारे पाहुणेही हा विश्वास वाढवीत नाहीत.

काही जण म्हणतील, फुकट सोय केल्याने माणूस आळशी होतो. पण पहाटे पाचला उठून नाक्यावर उभा राहणारा बिगारी आळशी असतो काय? दिवसाची मजुरी मिळते, परंतु खोलीची अनामत रक्कम एकदम उभी राहत नाही, आणि ती उभी राहण्यापूर्वी एक आजारपण येते. अडचण येथे आहे. भाड्याचा आणि चोरीचा धोका टळलेले सहा महिने मिळाले, तर तीच मजुरी बचतीत जाऊ शकते.

आपण काय करू शकतो?

गांधी जन्मशताब्दीच्या वर्षी, १९६९ साली, राष्ट्रीय सेवा योजना सुरू झाली. महाविद्यालयाने समाजात जावे हा तिचा हेतू. आपल्याकडे पैसा नाही, पण वेळ आहे, अक्षर आहे आणि अर्ज वाचता येतात. निवाऱ्यातील मुलांसाठी आठवड्यातील तीन संध्याकाळी ठरावीक वेळी अभ्यासवर्ग घेणे, कुटुंबाला कोणते कागद मिळाले व कोणते राहिले याची वही ठेवणे, अर्ज भरून देऊन पहिल्या खेपेला कार्यालयात सोबत जाणे, एवढे आपल्याला नक्की जमेल.

मात्र तीन पथ्ये पाळावी लागतील. पहिले, जेवढे वर्षभर निभेल तेवढेच पत्करावे. परीक्षा आली म्हणून वर्ग बंद पडला, तर मुलांच्या वाट्याला आणखी एक फसवणूक येते. दुसरे, जाणाऱ्या तुकडीने वही आणि ओळखी येणाऱ्या तुकडीच्या हाती द्याव्यात. तिसरे आणि सर्वांत महत्त्वाचे, काय हवे हे आधी त्या कुटुंबालाच विचारावे. निवाऱ्याची समिती असो वा आपली बैठक, तेथे राहणाऱ्या आईबापांना तीत जागा असली पाहिजे.

मर्डॉकच्या व्याख्येत समान निवास हे कुटुंबाचे लक्षण आहे. निवाऱ्यातील कुटुंबांनी मात्र निवास नसतानाही कुटुंब टिकवून दाखविले आहे. आता शाळा, अंगणवाडी, शिधावाटप दुकान, दवाखाना आणि महाविद्यालय यांनी आपापला वाटा उचलला, तर छप्पर मिळालेल्या या माणसांना घरही मिळू शकेल. पुढच्या जूनमध्ये आपल्या शहरातील निवाऱ्यात शाळेच्या वयाची किती मुले आहेत आणि त्यांतील किती वर्गात बसली आहेत, एवढी एक साधी मोजणी करून आपण सुरुवात करावी.