धावण्याआधी पावतीपुस्तक

चंद्रपूरहून मूल, सावली, व्याहाड करत वैनगंगेचा पूल ओलांडला की गडचिरोली. अंतर ऐंशी किलोमीटरच्या आसपास. लांब पल्ल्याचा सराव असलेला धावपटू ते दोन दिवसांत काढतो. डिसेंबरात धानाची कापणी उरकलेली असते, सकाळी हवेत गारवा असतो, गावोगावच्या शाळा स्वागताला मुले उभी करतात. कॅन्सरग्रस्तांसाठी निधी जमवायला याहून चांगला रस्ता आणि ऋतू कुठला, असे कोणालाही वाटेल. असे वाटून उतरलेल्या तरुणांच्या सोबतीच्या गाडीतून मीही या वाटेने गेलो आहे. इतरांच्या कामी येईल तेवढे इथे सांगतो.

सावलीजवळच्या एका टपरीवर मुलांनी दानपेटी पुढे केली. बाकावर बसलेल्या म्हातारीने कनवटीची दहाची नोट सोडवली, पण पेटीत टाकण्याआधी विचारले, "बापू, हा पैसा कोणाले देता? आमच्या गावची एक बाई नागपूरले जाते दवाखान्यात. तिले भेटंल का?" पेटी धरलेला मुलगा गप्प झाला. पेटीवर 'कॅन्सरग्रस्तांच्या मदतीसाठी' एवढीच अक्षरे होती. संस्थेचे नाव नव्हते, पावतीपुस्तकही नव्हते. म्हातारीने तरीही नोट टाकली. तिच्या प्रश्नाचे उत्तर मात्र ठरलेले असायला हवे होते, तेही पहिले पाऊल पडण्याच्या कितीतरी आधी.

त्या उत्तरासाठी या दोन जिल्ह्यांतल्या रुग्णाचा प्रवास पाहावा. महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजना आणि आयुष्मान भारत यांमुळे शस्त्रक्रिया, केमोथेरपी, रेडिएशन यांचा मोठा भार हलका होतो. चंद्रपुरात टाटा ट्रस्ट्स, राज्य शासन आणि जिल्हा खनिज प्रतिष्ठान यांच्या सहभागातून कॅन्सर रुग्णालय उभे राहिले आहे. नागपुरात राष्ट्रसंत तुकडोजी कॅन्सर रुग्णालय आहे, जामठ्याला नॅशनल कॅन्सर इन्स्टिट्यूट आहे. पण भामरागडच्या माणसाला गडचिरोली गाठायलाच पावणेदोनशे किलोमीटर पडतात, नागपूर त्याच्याही पुढे जवळपास तेवढेच. रेल्वे कॅन्सर रुग्णाला भाड्यात सवलत देते. मात्र गडचिरोली जिल्ह्यात गाडी पकडायची तर वर्षानुवर्षे एकच ठिकाण, वडसा. रेडिएशन आठवड्यातून पाच दिवस, कित्येक आठवडे चालते. तेवढे दिवस सोबतच्या माणसाने राहायचे कुठे, खायचे काय, आणि घरी बुडालेल्या मजुरीचे काय? उपचार अर्ध्यावर सुटतात ते बहुतेकदा इथे. म्हणून माझे मत स्पष्ट आहे: या भागातल्या धावेचा पैसा प्रवास, निवारा आणि जेवण यांसाठीच बांधून ठेवावा आणि पेटीवर तसे ठळक लिहावे.

मग येतो कायदा. नोंदणी नसलेल्या गटाला लोकांकडून धर्मादाय कामासाठी पैसे गोळा करायचे असतील, तर महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० च्या कलम ४१-क नुसार धर्मादाय आयुक्त कार्यालयाची परवानगी लागते. गणेश मंडळे दरवर्षी घेतात तीच ही परवानगी. त्याहून सोपी वाट म्हणजे नोंदणीकृत संस्थेच्या खात्यात थेट पैसे जाऊ देणे. देणगीदाराला ८०-जी ची करसवलत हवी असेल, तर संस्थेकडे ती मान्यता असावी लागते, आणि २,००० रुपयांवरची रोख देणगी त्या सवलतीत बसत नाही. अमेरिकेतले मावसभाऊ पैसे पाठवतो म्हणतात तेव्हा आधी त्यांचे नागरिकत्व विचारा. परदेशी नागरिकत्व घेतलेल्या नातेवाइकाचे पैसे हे विदेशी योगदान ठरतात, आणि विदेशी योगदानाच्या कायद्याखाली (एफसीआरए) नोंदणी नसलेल्या संस्थेला ते घेता येत नाहीत. मुंबई मॅरेथॉनमध्ये धावपटू निधी मागतो, पण पैसा नोंदलेल्या संस्थांकडे जातो. गावपातळीवरच्या धावेलाही तीच शिस्त हवी.

या प्रकारच्या धावेचा मूळपुरुष कॅनडाचा टेरी फॉक्स. १९७७ मध्ये हाडाच्या कॅन्सरमुळे त्याचा उजवा पाय गुडघ्याच्या वर कापावा लागला. १२ एप्रिल १९८० रोजी तो न्यूफाउंडलंडमधल्या सेंट जॉन्सहून कृत्रिम पायावर निघाला आणि रोज मॅरेथॉनएवढे अंतर कापू लागला. सुरुवातीच्या दिवसांत सोसाट्याचा वारा, पाऊस आणि बर्फ. पुढे पोर्ट ओ बास्क नावाच्या सुमारे १०,००० वस्तीच्या गावाने १०,००० डॉलर दिले, आणि तिथूनच माणशी एक डॉलर हा हिशेब त्याला सापडला. क्यूबेकमध्ये मात्र प्रतिसाद थंड राहिला. त्याला आणि गाडी चालवणाऱ्या मित्राला फ्रेंच येत नव्हते, लोकांना ही धाव कशासाठी हेच कळेना. गडचिरोलीत धावणाऱ्याने हे नीट लक्षात घ्यावे. धानोऱ्याकडे गोंडी, भामरागडला माडिया, सिरोंच्यात तेलुगू, मुलचेऱ्याच्या वसाहतींत बंगाली. फक्त मराठीतले पत्रक तिथे अर्धेच पोचते. त्या त्या भाषेचा माणूस सोबत घ्या आणि आधी त्याला बोलू द्या.

टेरीच्या धावेतला दुसरा धडा कठीण आहे. वाटेत त्याने नियमित तपासण्या नाकारल्या, दुखणी अंगावर काढली. १ सप्टेंबर १९८० रोजी थंडर बेजवळ खोकला आणि छातीतल्या वेदनेने त्याला थांबवले. कॅन्सर फुफ्फुसांत पसरला होता. १४३ दिवस आणि ५,३७३ किलोमीटर झाले होते. २८ जून १९८१ रोजी, तेविसावा वाढदिवस महिन्यावर असताना, तो गेला. त्याच्या जिद्दीपुढे मी नतमस्तक आहे, पण दुखणे लपवून धावण्याचा कित्ता कोणी गिरवू नये. उपचार संपलेला रुग्ण धावणार असेल तर त्याच्या ऑन्कॉलॉजिस्टची लेखी संमती घ्यावी, आणि धावपटूला थांबवण्याचा अधिकार सोबतच्या डॉक्टरकडे असावा.

आता जंगल. शहरातला धावपटू पहाटे चारला उठून निघतो; इथे ते करू नये. ब्रह्मपुरी, सिंदेवाही, मूल, सावली हा वाघांच्या वावराचा पट्टा आहे. १३ माणसांच्या मृत्यूशी जोडला गेलेला सीटी-१ हा वाघ ऑक्टोबर २०२२ मध्ये वडसा परिसरात जेरबंद झाला. छत्तीसगडकडून आलेला रानटी हत्तींचा कळप २०२१ पासून गडचिरोलीत दिसू लागला, आणि धानाच्या हंगामात तो शेतांकडे वळतो. म्हणून ऊन चांगले वर आल्यावर निघावे, सूर्य कलण्याआधी मुक्काम गाठावा, एकट्याने धावू नये, कानात इअरफोन घालू नयेत. वनविभाग आणि पोलीस ठाणे या दोघांना मार्ग आणि वेळ लेखी कळवावी.

वाघापेक्षाही रोजचा धोका ट्रकचा. कोळशाच्या आणि सुरजागडच्या लोहखनिजाच्या गाड्या या दोन जिल्ह्यांचे रस्ते सतत तुडवत असतात. आष्टी-आलापल्लीच्या बाजूने धावण्याचा बेत असेल तर तो सोडा, असेच मी सांगेन. दुपारी ऊन चटकते, धुळीने घसा कोरडा पडतो. पाण्यात मीठ-साखर हवी. घरी परतल्यावर ताप आला तर थकवा समजून झोपू नका, मलेरियासाठी रक्त तपासा. गडचिरोलीत हे विसरून चालत नाही.

सोबतीच्या गाडीचे मोल वरोऱ्याच्या आनंदवनाने केव्हाच दाखवले आहे. डिसेंबर १९८५ मध्ये बाबा आमटे कन्याकुमारीहून 'भारत जोडो'ला निघाले, तेव्हा शंभरावर तरुण-तरुणी सायकलवर होते आणि मणक्याच्या आजारामुळे बसू न शकणारे बाबा गाडीत आडवे पडून प्रवास करत होते. मोहिमेतल्या प्रत्येकाने अंतर पायांनीच कापले पाहिजे, असा काही नियम नाही.

राहिला प्रायोजक. टेरीने आपल्या धावेतून कोणालाही धंदा करू दिला नाही. इथे हा प्रश्न जास्त टोचतो, कारण चौकाचौकात प्लास्टिकच्या पन्नीवर सुपारी, तंबाखू आणि चुना घोटून खर्रा तयार होत असतो आणि पुड्या शाळकरी पोरांच्या खिशातही सापडतात. नुसती सुपारीसुद्धा कर्करोगकारक आहे, हे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००४ मध्येच सांगितले. सुपारी-पानमसाल्याच्या व्यापाऱ्याचा फलक धावेच्या कमानीवर लागता कामा नये, देणगी कितीही मोठी असो. टोळीतल्या स्वयंसेवकांनीही त्या दिवसांत खर्रा सोडावा. गडचिरोलीत 'मुक्तिपथ' हे अभियान दारू-तंबाखूविरोधात गावागावांत काम करते. त्यांच्याशी आधी बोललात तर गावे आपली वाटतील.

आणि एक विनंती. जिथे मुक्काम, तिथे तोंड तपासणीचे टेबल लावा. तिशीपुढच्या सर्वांची तोंडाच्या कॅन्सरची तपासणी सरकारी आरोग्य केंद्रांत मोफत होते. तिथल्या डॉक्टरांना, आशाताईंना आठ दिवस आधी भेटा. तोंडात पांढरा-लाल चट्टा असलेला, दोन-तीन आठवडे न भरणारी जखम असलेला किंवा तोंड पूर्ण उघडत नसलेला माणूस सापडला, तर त्याला चंद्रपूर-नागपूरला पोचवण्याचे भाडे त्याच दिवशीच्या पेटीतून द्या, आणि त्याची पावती ठेवा.