ओवा कधी, दवाखाना कधी

पोट दुखायला लागलं की भोकरदन तालुक्यातल्या हसनाबादेत आधी ओव्याची बरणी निघते. चिमूटभर ओवा, सैंधवाचा खडा, वर कोमट पाणी. लेकरू असेल तर बेंबीभोवती हिंगाचा लेप. जड जेवणानं पोट गच्च झालं असेल तर ढेकर येऊन मोकळं वाटतं. आमच्या घरातही हाच रिवाज आहे, आणि तो मोडायचं कारण नाही.

शेजारच्या शाळकरी पोराची कळ मात्र निराळी होती. बेंबीपाशी उठली आणि रात्रीतून उजवीकडे खाली उतरली. प्यायलेलं पाणीही उलटून पडू लागलं, अंग तापलं. बेंबी सरकली म्हणून कुणी पोट चोळलं, कुणी एरंडेल पाजलं. जालन्याला पोचेपर्यंत अपेंडिक्स फुटलं होतं. ऑपरेशन होऊन पोरगा वाचला.

घरगुती औषधांत तथ्य आहे, पण सगळ्यांत सारखं नाही. ओव्याचा अर्क प्रयोगशाळेत आतड्याची ओढ सैल करतो. माणसांवरच्या चाचण्या मात्र थोड्याच. इसबगोलाची बाजू भक्कम आहे. आतड्याच्या जुनाट तक्रारीच्या २७५ रुग्णांवर नेदरलँड्समध्ये चाचणी झाली, ती २००९ साली प्रसिद्ध झाली. तीत इसबगोलानं गुण आला, कोंड्यानं तेवढा आला नाही. थायलंडच्या २०२३ च्या अभ्यासात अपचनाच्या २०६ रुग्णांमध्ये हळदीतलं कर्क्युमिन ओमेप्राझोलच्या तोडीचं ठरलं. ते मोजून भरलेल्या कॅप्सूलमधलं होतं. दुधातल्या चमचाभर हळदीला हा हिशेब लागू होत नाही.

बिननावाच्या पुड्यांपासून मात्र लांबच राहावं. बोस्टनच्या दुकानांतली ७० आयुर्वेदिक औषधं तपासली, तेव्हा १४ मध्ये शिसं, पारा किंवा आर्सेनिक सापडलं. हा अहवाल २००४ चा. शिशाच्या विषबाधेनं स्वतःच पोटात कळा येतात, म्हणजे औषधच दुखणं वाढवतं.

इसबगोल भरपूर पाण्याबरोबरच घ्यावा. तो फुगतो आणि कोरडा गिळला तर घशात अडकतो. कळ उजवीकडे सरकली, पोट लाकडासारखं कडक झालं, ताप किंवा सततची उलटी असली, शौच काळी झाली किंवा रक्त पडलं, तर चोळणं, शेकणं, जुलाब देणं बंद. गरोदर बाई, तान्हं बाळ आणि म्हातारं माणूस यांच्या बाबतीत वाट पाहूच नये. १०८ ला फोन लावावा आणि घरी काय काय दिलं ते डॉक्टरांना न लपवता सांगावं. पुडी असेल तर ती सोबत न्यावी.