यात गाणं कुठं आहे?

प्रश्न : माझी सत्तरी उलटली आहे. मिरजेत राहतो. अब्दुल करीम खाँसाहेबांच्या स्मरणार्थ दर्ग्यात होणारं गाणं लहानपणापासून ऐकत आलो. नाट्यसंगीत, भावगीतं आणि जुनी हिंदी गाणी यांवर कान पोसला गेला. नात पुण्याहून आली की इंग्रजी पॉप लावते. मी मनापासून ऐकायला बसतो, पण आलाप नाही, तान नाही, तीच चार वाक्यं घोळत राहतात. यात गाणं कुठं आहे, तेच कळत नाही. या संगीतात माझ्यासारख्यानं ऐकण्याजोगं काही आहे का, की आपला काळ गेला म्हणून गप्प बसावं?
– एक वाचक, मिरज

उत्तर : आहे. सगळ्या गाण्यांत नाही, थोड्या गाण्यांत आहे. आणि ज्या जागी तुम्ही शोधताय तिथं बहुधा नाही.

ख्याल ऐकताना आपण षड्ज धरून बसतो. तंबोरा हलत नाही, जे काही घडतं ते गळ्यात घडतं. पॉपमध्ये बरोबर याच्या उलट असतं. गळा पुष्कळदा चार-पाच स्वरांच्या आतच फिरतो आणि त्याच्याखालची जमीन सरकत राहते. घरात पेटी असेलच. वरचा सा दाबून धरा आणि त्याच्याखाली मधल्या सप्तकातले ग आणि प वाजवा. मग नुसता प सोडून ध घ्या. मग ग सोडून म घ्या. दर वेळी एकच बोट हललं, सा तर जागचा हललाच नाही. पण पहिल्यांदा तो घरी बसल्यासारखा वाटला, दुसऱ्यांदा त्यावर सावली आली, तिसऱ्यांदा तो कशाची तरी वाट बघू लागला. पॉप गाणाऱ्याची कमाई इथं आहे. चाल साधी असते कारण तिचा रंग खालून बदलायचा असतो. आपण चालीतच विस्तार शोधतो आणि रिकाम्या हातानं परत येतो.

हे तीन-चार स्वर एकदम वाजवणं म्हणजे कॉर्ड. ‘तेच ते चार कॉर्ड’ ही पॉपवरची जुनी तक्रार आहे, आणि ती खोटी नाही. बीटल्सचं ‘लेट इट बी’ (1970) आणि अडेलचं ‘समवन लाइक यू’ (2011) यांत चाळीस वर्षांचं अंतर आहे, पण मुख्य कॉर्डांची रांग तीच. मात्र तीनतालाचा ठेका तासभर बदलला नाही म्हणून आपण कधी तक्रार करतो का? ठेक्यावर काय मांडलं ते बघतो. इथंही तेवढंच करायचं.

शिवाय कॉर्ड तुम्हाला परके आहेत, असं समजू नका. शंकर-जयकिशन यांच्या गाण्यांचा वाद्यमेळ बांधणारे सेबॅस्टियन डिसूझा गोव्याचे. प्यारेलाल ज्यांच्याकडे व्हायोलिन शिकले ते अँथनी गोन्साल्विस गोव्यातल्या माजोर्ड्याचे. चर्चच्या शाळांत पाश्चात्त्य स्वरलेखन शिकलेले असे कितीतरी गोंयकार वादक मुंबईच्या स्टुडिओंत होते, आणि रागदारीवर बेतलेल्या चालीखाली हळूच कॉर्ड सरकवत होते. ‘जुनी हिंदी गाणी’ म्हणून आपण जे डोळे मिटून ऐकतो त्यात हा मसाला भरपूर आहे.

आणि तो उलटही गेला. ‘एक दूजे के लिए’ (1981) या चित्रपटात लक्ष्मीकांत-प्यारेलाल यांचं, लताबाई आणि एस. पी. बालसुब्रमण्यम यांनी गायलेलं ‘तेरे मेरे बीच में’ आठवा. त्यातल्या व्हायोलिनच्या जागा कापून, उलटसुलट जोडून ब्लडशाय अँड अवांत या स्वीडिश निर्मात्यांच्या जोडीनं ब्रिटनी स्पिअर्सचं ‘टॉक्सिक’ बांधलं. 2004 मध्ये ते जगभर वाजलं आणि पुढच्या वर्षी त्याला ग्रॅमी मिळालं. नातीला हे माहीत नसेल, तर तिला सांगण्यासारखी ही एक गोष्ट तुमच्याकडे झाली.

पण कॉर्ड हा अर्धाच भाग. आजच्या पॉपमधली खरी कारागिरी नादात आहे, आणि इथं मिरजकराला कोणी काही शिकवावं अशी परिस्थिती नाही. सतारमेकर गल्लीत तंबोऱ्याची जवारी काढताना तुम्ही पाहिलं असेल. घोडीचा पृष्ठभाग घासायचा, तारेखालचा दोरा केसभर पुढंमागं करायचा, पुन्हा छेडून ऐकायचं. स्वर तोच असतो. फक्त तो बंद आहे की उघडा, त्यातून वरचे स्वर झंकारतात की नाही, एवढ्यासाठी माणूस तासन् तास बसतो. पॉपचा निर्माता दिवसभर हेच करतो. ढोलाचा एक ठोका किती कोरडा असावा, तो किती लवकर विरावा, गळा डाव्या कानात किती नि उजव्या कानात किती, यावर त्याचे दिवस जातात. ज्या कानाला जवारी कळते त्याला हे ऐकू येणारच. फक्त तो कान चालीवरून काढून नादावर लावायला हवा.

एक गाणं जवळून पाहू. बिली आयलिश ही अमेरिकी मुलगी. तिचं ‘बॅड गाय’ 2019 मध्ये आलं. ते ज्या अल्बममध्ये आहे तो तिनं आणि तिचा भाऊ फिनियस यानं लॉस एंजेलिसमधल्या आपल्या घरी, भावाच्या झोपायच्या खोलीत बनवला. 2020 मध्ये ग्रॅमीचे चारही मुख्य पुरस्कार त्या एका मुलीला मिळाले. गाणं सुरू होताच खाली एक जाड मंद्र धून चालू लागते, वर चुटक्या, आणि मधला पट्टा जवळजवळ रिकामा. त्या रिकाम्या जागेत ती गाते. गाते म्हणजे कुजबुजते. ओठ माइकला टेकल्यासारखे, श्वास स्पष्ट, आणि नीट ऐकलं तर तिच्याच आवाजाचे थर एकावर एक ठेवलेले. ध्रुवपदाच्या ठिकाणी, जिथं आपण गळा उंच जाईल अशी वाट बघतो, तिथं ती गप्पच बसते आणि एक वाकडी सिंथची ओळ पुढं येते. मागं कुठंतरी टकटक ऐकू येते ती सिडनीतल्या रस्ता ओलांडायच्या सिग्नलची. तिनं फोनवर टिपून आणलेली. शेवटी लय एकदम निम्म्याच्याही खाली पडते आणि गाण्याचा चेहराच बदलतो. तान एकही नाही, हे खरं. पण अमुक ठिकाणी काय गाळायचं हे ज्याला इतकं नेमकं कळतं त्याला मी कच्चा म्हणणार नाही.

या कुजबुजीला गाणं म्हणावं का? संगीत नाटकाच्या जमान्यात गळा शेवटच्या रांगेपर्यंत फेकावा लागे. पुढं ध्वनिमुद्रिका आणि माइक आले, तेव्हा भावगीताचा तो शेजारी बसून बोलल्यासारखा हळवा गळा चालू लागला. आयलिशबाई त्याच वाटेनं पुढं गेल्या आहेत, इतकंच.

तुमची खरी अडचण ऑटोट्यून असणार, असा माझा अंदाज आहे. अँडी हिल्डेब्रँड नावाच्या अभियंत्यानं ते 1997 मध्ये आणलं. त्याआधी हा माणूस तेलाच्या शोधासाठी भूगर्भातल्या लहरींचं गणित करत होता. तेच गणित त्यानं गळ्याला लावलं. सूर हलला की यंत्र त्याला जवळच्या ठरावीक स्वरावर ओढून बसवतं. 1998 मध्ये शेरच्या ‘बिलीव्ह’मध्ये ही ओढ मुद्दाम इतकी झटपट ठेवली की गळा यंत्रासारखा तुटत तुटत चढला-उतरला, आणि तीच फॅशन झाली. दरबारीतला आंदोलित गंधार ऐकलेल्या माणसाला हे टोचणारच. मलाही टोचतं. पण बारा पक्के स्वर, मींड नाही, श्रुती नाहीत, हेच आरोप करून आकाशवाणीनं 1940 ते 1971 पेटीला दाराबाहेर ठेवलं होतं. त्या काळातही गोविंदराव टेंब्यांच्या पेटीवर जीव टाकणारी माणसं आपल्याकडे होतीच. सुधारायला म्हणून लावलेलं ऑटोट्यून आणि रंग म्हणून लावलेलं ऑटोट्यून यांत फरक करता आला, तर निम्मा राग उतरतो. उरलेला निम्मा खुशाल ठेवा.

‘आधीचं संगीत समृद्ध होतं, आता घसरलं’ यावर अभ्यासही झाले आहेत, आणि गंमत म्हणजे ते एकमेकांशी भांडतात. 2012 मध्ये स्पेनमधल्या संशोधकांनी 1955 ते 2010 या काळातली साडेचार लाखांवर गाणी संगणकाला तपासायला लावली. त्यांना आढळलं की स्वरांच्या जोडण्यांतलं वैविध्य कमी झालंय, नादांचा पट आक्रसलाय आणि आवाज वाढलाय. 2015 मध्ये लंडनच्या चमूनं अमेरिकेतली 1960 ते 2010ची सुमारे 17 हजार लोकप्रिय गाणी घेतली. त्यांना अशी सरळ घसरण दिसली नाही, फक्त ऐंशीच्या दशकात एक खड्डा दिसला. म्हणजे मोजपट्टीवरून निकाल लागणार नाही.

धंद्याचा रेटा मात्र उघड आहे. स्ट्रीमिंगवर तीस सेकंद ऐकलं तरच पैसे मोजले जातात, त्यामुळे सुरुवातीला रेंगाळणं कोणाला परवडत नाही. 1980च्या दशकाच्या मध्यात गाण्याआधीचा वाद्यमेळ सरासरी वीस सेकंदांहून अधिक चाले. 2015च्या सुमारास तो पाच सेकंदांवर आला. तुम्हाला गाणी अंगावर आल्यासारखी वाटतात त्यामागं हेही एक कारण आहे. पण साडेतीन मिनिटांच्या तबकडीचा जाच खाँसाहेबांनाही होताच, आणि त्या तबकड्या आपण अजून जपून ठेवतो.

‘आपला काळ गेला’ याबद्दल एक आठवण करून द्यावीशी वाटते. तुमची ती जुनी हिंदी गाणीसुद्धा एकेकाळी याच पिंजऱ्यात उभी होती. बाळकृष्ण विश्वनाथ केसकर 1952 मध्ये माहिती व नभोवाणी मंत्री झाले. मराठी माणूस, शास्त्रीय संगीताचा जाणकार. त्यांच्या मते चित्रपटगीतं लोकांची अभिरुची बिघडवत होती, म्हणून आकाशवाणीवर त्यांची गळचेपी झाली. श्रोते काय करणार? त्यांनी रेडिओची सुई सिलोनवर नेली आणि अमीन सायानींची ‘बिनाका गीतमाला’ घराघरांत शिरली. शेवटी 1957 मध्ये सरकारलाच विविधभारती काढावी लागली. केसकर अडाणी नव्हते. पण जी कसोटी त्यांनी लावली ती त्या गाण्यांसाठी नव्हतीच. उलट कुमार गंधर्वांनी लताबाईंवर लिहिताना तीन मिनिटांच्या चित्रपटगीतात तीन तासांच्या रंगलेल्या मैफलीचा रस असू शकतो, असं म्हटलं. ख्यालाचा एवढा मोठा गवई हे म्हणतो तेव्हा तो औदार्य दाखवत नसतो. तो ऐकत असतो.

एवढं बोलून झाल्यावर हेही सांगतो की बहुतांश पॉप ऐकण्याच्या लायकीचं नसतं. दहा जणांच्या समितीनं लिहिल्यासारखे शब्द, सगळे आवाज एकाच उंचीवर दाबून बसवलेले, आणि आधीच्या गाण्याची नक्कल. ते कानावर पडलं तर उठून चहा टाकायला जावं. पण हे प्रत्येक पिढीत झालंय. 1967 मध्ये ब्रिटनमध्ये बीटल्सच्या ‘स्ट्रॉबेरी फील्ड्स’ आणि ‘पेनी लेन’ या जोडीला पहिल्या क्रमांकापासून अडवलं ते एंजेलबर्ट हंपरडिंकच्या ‘रिलीज मी’नं. त्या वर्षीचं जे आपल्यापर्यंत पोचलं ते गाळून पोचलं. नातीच्या फोनमध्ये मात्र अजून न गाळलेला माल आहे.

तेव्हा यादी वाजू देऊ नका, एकेक गाणं घ्या. पहिलं लॉर्डचं ‘रॉयल्स’ (2013). न्यूझीलंडची सोळा वर्षांची मुलगी, साथीला जवळजवळ फक्त चुटक्या, ढोल आणि तिचेच थरावर थर चढवलेले आवाज. त्यातला निषाद कोमल आहे. स्वर खमाज थाटाचे. राग खमाज नव्हे, तो शोधत बसू नका, पण कानाला ओळखीचा उंबरठा लागेल. दुसरं ‘बॅड गाय’. तिसरं रोसालियाचं ‘मालामेंते’ (2018). ही स्पेनची, बार्सिलोनाच्या संगीत महाविद्यालयात फ्लामेंको गायन रीतसर शिकलेली. तिच्या हरकती ऐकून तुम्ही मान हलवाल, आणि त्याच हरकतींवर कधीकधी ती ऑटोट्यून चढवते तेव्हा कपाळाला आठी घालाल. दोन्ही करावं. रॅप ऐकायचा धीर झालाच तर शब्दांच्या मागं न लागता ते तबल्यासारखं ऐका: सम कुठं येते, बोल कुठं मुद्दाम मागं रेंगाळतात. केंड्रिक लमार याला 2018 मध्ये संगीताचं पुलित्झर मिळालं. शास्त्रीय आणि जॅझच्या बाहेर ते जाण्याची ती पहिलीच वेळ होती.

आणि हे सगळं फोनच्या स्पीकरवर ऐकून मत बनवू नका. एवढ्याशा स्पीकरला खालचे मंद्र स्वर पेलत नाहीत, आणि या गाण्यांत निम्मं काम तिथंच झालेलं असतं. फोनवरचं ‘बॅड गाय’ म्हणजे खर्जाची तार काढून घेतलेला तंबोरा. नातीचे हेडफोन मागून घ्या, चांगल्यातले. आवाज मध्यम ठेवा, आणि पहिल्यांदा शब्दांकडे लक्षच देऊ नका.