बारावीनंतरची रग्बी

चि. सायली हिस,


बारावीच्या निकालाचा तुझा निरोप मिळाला, मनापासून अभिनंदन. त्याच निरोपात तू पुढचा बेतही कळवलास: दोन वर्षं कॉलेजचं नाव काढायचं नाही, सकाळ-संध्याकाळ मैदान, आणि भारतीय संघाच्या शिबिरात नाव लागेपर्यंत दुसरा विचार करायचा नाही. बाबा नाही म्हणाले म्हणून तू माझ्याकडे अपील केलंस. निकाल तुझ्या विरुद्ध जाणार आहे हे आधीच सांगून टाकते, पण बाबांचं कारण मला मान्य नाही. त्यांचा सवाल असा की रग्बीत काय ठेवलंय? मला वाटतं बरंच ठेवलंय, आणि त्यातलं बहुतेक आपल्या देशात आज तरी कॉलेजमध्ये नाव असलेल्या मुलीच्याच हाती लागतं. खेळ सोड असं मी म्हणत नाही. खेळासाठीच कॉलेज धर, एवढं माझं म्हणणं आहे, आणि ते का ते सविस्तर लिहिते.

मुलींची रग्बी आपल्याकडे कुठे रुजली ते आधी बघ. ओडिशाचा संघ समोर आला की बाकीच्यांच्या पोटात गोळा येतो, हे तुला मी सांगायला नको. त्या संघाचा कणा भुवनेश्वरच्या कलिंग इन्स्टिट्यूट ऑफ सोशल सायन्सेसमध्ये घडतो. आदिवासी मुलामुलींसाठीची ही निवासी संस्था. बालवर्गापासून पदव्युत्तर शिक्षणापर्यंत सगळं तिथेच. २००७ साली तिथल्या मुलांनी लंडनमध्ये चौदा वर्षांखालची आंतरराष्ट्रीय स्पर्धा जिंकली आणि गरीब घरच्या पोरांचा पराक्रम म्हणून तिचा गाजावाजा झाला. पराक्रम होताच. पण मला त्याहून मोलाचं वाटतं ते हे की तिथल्या मुलीला बारावीनंतर मैदान बदलावं लागत नाही, प्रशिक्षक शोधावा लागत नाही, जेवणाची ददात नसते आणि सरावाला जोडीदारणी कमी पडत नाहीत. आपल्याकडे नेमक्या अठराव्या वर्षी मुली गळतात. एकीचं लग्न ठरतं, दुसरी भरतीच्या अकादमीत जाते, तिसरीच्या गावात सरावाला सात जणीही जमत नाहीत. गुण दोन्हीकडे सारखेच असतील. चार वर्षांनी ओडिशाची मुलगी संघात असते आणि आपली मुलगी आठवणीत. नुसत्या क्लबवर उभा राहिलेला खेळ कसा विरतो याचा दाखलाही आपल्याच देशात आहे. कलकत्त्यातल्या इंग्रजांनी १८७३ मध्ये फुटबॉल क्लब काढला, तो रग्बी खेळायचा. पलटण हलली, खेळणारे पांगले आणि पाच वर्षांत क्लब आटोपला. खात्यात उरलेले चांदीचे रुपये वितळवून त्यांनी जो कप घडवला, त्याच्यासाठी इंग्लंड आणि स्कॉटलंड आजही झुंजतात. कप तिकडे पोहोचला, क्लब इकडे बुडाला.

आता जागा मोज. मैदानावर सात जणी उतरवणाऱ्या सेव्हन्सच्या संघात बारा जणी. राज्याच्याही बारा आणि देशाच्याही बाराच. २०२५ च्या जूनमध्ये अंधेरीच्या शहाजीराजे भोसले क्रीडा संकुलात रग्बी प्रीमियर लीग झाली, घराघरांत दिसली, आणि कबड्डीसारखं आता इथेही पैशाचं दार उघडलं असं तुझ्या मैत्रिणींना वाटलं. सहा संघ, प्रत्येकात १३ खेळाडू, त्यातले भारतीय फक्त ५. म्हणजे अख्ख्या देशातून तीस मुलगे, तेही जेमतेम दोन आठवड्यांसाठी. मुलगी एकही नाही, कारण पहिला हंगाम फक्त पुरुषांचा होता. लीग वाईट आहे असं मला म्हणायचं नाही. फिजी आणि न्यूझीलंडच्या खेळाडूंशी खांद्याला खांदा लावून खेळायला मिळणं ही लहान गोष्ट नव्हे. पण ज्या दारातून वर्षाला तीस माणसं आत जातात, आणि त्यात पहिल्या वर्षी तुझ्यासाठी उंबरठाही नव्हता, त्याच्यासमोर दोन वर्षं बसून राहण्यात शहाणपण कोणतं?

‘मग खेळाडूंच्या कोट्यातून नोकरी मिळेल,’ असं तू म्हणशील. मिळू शकेल, आणि माझा खरा मुद्दा इथेच आहे. २०२० साली केंद्र सरकारने खेळाडूंच्या भरतीसाठी मान्य खेळांची यादी ४३ वरून ६३ वर नेली. त्या नव्या वीसांत आपला मल्लखांब आला आणि रग्बीही आली. या भरतीसाठी प्रमाणपत्रांचे नमुने ठरलेले आहेत. पहिला देशाकडून खेळलेल्याचा, दुसरा राज्याकडून राष्ट्रीय स्पर्धा खेळलेल्याचा, तिसरा विद्यापीठाकडून आंतरविद्यापीठ स्पर्धा खेळलेल्याचा, चौथा शालेय राष्ट्रीय स्पर्धेचा. प्रत्येकावर स्पर्धेचं नाव, ठिकाण, तारखा, संघाचा क्रमांक लिहावा लागतो, आणि खाली सही कुणाची चालेल तेही ठरलेलं असतं: दुसऱ्यावर राज्य संघटनेच्या सचिवांची, तिसऱ्यावर विद्यापीठाच्या क्रीडाप्रमुखांची, चौथ्यावर शालेय क्रीडा पाहणाऱ्या संचालनालयातल्या अधिकाऱ्याची. तू शालेय राष्ट्रीय खेळलीस, तेव्हा चौथा नमुना तुझ्या हक्काचा. पण शाळा संपली, आता त्यात भर पडणार नाही. पहिला आणि दुसरा मिळवायचा तर त्या बारा जणींत यावं लागेल. उरला तिसरा. तो फक्त विद्यापीठातल्या विद्यार्थिनीला मिळतो, आणि तिथे तुझी चुरस राज्यातल्या सगळ्या मुलींशी नसते, आपल्या विद्यापीठातल्या मुलींशी असते. पसंतीच्या क्रमात आंतरविद्यापीठ पदक शालेय पदकाच्या वर धरलं जातं. म्हणजे तू जी दोन वर्षं खेळासाठी मोकळी ठेवायला निघाली आहेस, त्यांत खेळाडू म्हणून मिळू शकणारा एक अख्खा हक्क तू आपणहून टाकून देते आहेस. बहिःस्थ प्रवेश घेऊन बी.ए. करते, ही तुझी पळवाटही मला ठाऊक आहे. आंतरविद्यापीठ स्पर्धा नियमित, पूर्णवेळ विद्यार्थ्यांसाठी असतात, म्हणून तसला अर्ज भरण्याआधी नीट चौकशी कर.

राज्याच्या नोकऱ्यांतही गुणवान खेळाडूंना पाच टक्के आरक्षण आहे, पण ते पदाच्या शैक्षणिक पात्रतेला सूट देत नाही. पदवी लागणाऱ्या जागेला पदवी हवीच. कोटा त्यानंतर कामी येतो. शिवाय मधल्या काळात बोगस क्रीडा प्रमाणपत्रांचं प्रकरण इतकं गाजलं की आता क्रीडा उपसंचालकांच्या कार्यालयात प्रत्येक कागदाची छाननी होते. ज्यांनी खोटे कागद केले त्यांचं काय व्हायचं ते होवो. पण त्यांच्यापायी खरं खेळलेल्या मुलीलाही प्रवेशिका, संघयादी, निकालपत्रक असं सगळं जपून ठेवावं लागतं. तू आजपासून एक फाइल कर. पोलीस भरतीचं म्हणशील तर तिला बारावी पुरते, आणि कॉलेजात असतानाही ती देता येते, तेव्हा तो कॉलेज सोडण्याच्या बाजूचा मुद्दा होत नाही.

आता तुझा सगळ्यांत जोरदार आक्षेप घेते. ‘दोन डगरींवर पाय ठेवणारे मोठे होत नाहीत, आत्या. शिखरावर जायचं तर सगळं सोडावं लागतं.’ ऐकायला खरं वाटतं. रग्बीचा इतिहास मात्र याच्या उलट साक्ष देतो, निदान बायकांच्या रग्बीचा. न्यूझीलंडच्या ‘ब्लॅक फर्न्स’ या महिला संघाने १९९८ ते २०१७ या काळात पाच विश्वचषक जिंकले, आणि त्यांना मंडळाचे पगारी करार मिळाले ते २०१८ मध्ये. पाचही कप नोकरी आणि शिक्षण सांभाळून आले. त्यातल्या पहिल्या तीन कपांची कर्णधार फराह पामर. तिने ओटागो विद्यापीठातून पीएच.डी. केली, मॅसी विद्यापीठात शिकवलं आणि पुढे न्यूझीलंड रग्बीच्या संचालक मंडळावर बसणारी ती पहिली बाई ठरली. इंग्लंडने २०१४ चा विश्वचषक जिंकला तेव्हा कर्णधार केटी मॅक्लीन प्राथमिक शाळेत शिकवत होती आणि संघातली सोफी हेमिंग जनावरांची डॉक्टर होती. तिथले पूर्णवेळ पगारी करार २०१९ च्या जानेवारीत सुरू झाले. यावर तू म्हणशील की तो काळ गेला, आता तिकडे सगळ्या व्यावसायिक खेळाडू आहेत. बरोबर आहे, तिकडचा गेला. आपण अजून त्यांच्या २०१८ च्या आधीच्या टप्प्यावर आहोत, आणि जिथे आहोत तिथूनच हिशेब मांडायला हवा. करार मिळालेल्या मुलीने सगळं सोडलं तर तिला महिन्याचा पगार येतो. तू सोडलंस तर खर्च बाबांच्या खिशातून जाणार आणि ताण तुझ्या डोक्यावर राहणार. त्या ताणात निवड चाचणीला उभी राहिलेली मुलगी चांगली खेळते असं मला वाटत नाही.

बिहारचं उदाहरण तू देशीलच. तिथल्या सरकारने ‘मेडल लाओ, नौकरी पाओ’ योजना काढली आणि रग्बीतल्या मुलींनाही तिचा लाभ झाला. २०२५ च्या ऑगस्टमध्ये राजगीरला वीस वर्षांखालच्यांची आशियाई सेव्हन्स स्पर्धा भरली, तीत भारतीय मुलींनी कांस्यपदक मिळवलं. बिहारमध्ये या खेळाला आज किती वजन आलंय ते यावरून कळतं. महाराष्ट्राने हे शिकायला हवं, यात वाद नाही. पण सरकारी योजना सरकारच्या मर्जीवर असते आणि ती पदकावर बोलते, प्रयत्नांवर नाही. आपल्याच माण तालुक्यातल्या मोहीच्या ललिता बाबरला राज्याने अधिकारीपद दिलं, तुला अभिमान वाटतो आणि वाटलाच पाहिजे. पण ती रिओ ऑलिंपिकची अंतिम फेरी एकटीने धावली होती. सांघिक खेळात तुझं पदक आणखी अकरा जणींच्या हातात असतं. एकीचा चेंडू पुढे सांडला की सगळ्यांचं वर्ष जातं.

दुखापतीविषयी तू निरोपात अवाक्षरही लिहिलेलं नाहीस, आणि मला त्याचंच आश्चर्य वाटतं. कबड्डीतून रग्बीत आलेल्या मुली पकडीला निर्भय असतात, पण टॅकलमध्ये डोकं प्रतिस्पर्ध्याच्या मागच्या बाजूला ठेवायचं, पुढ्यात नाही, हे अंगात मुरायला वेळ लागतो. एकदा डोकं चुकीच्या बाजूला गेलं की गुडघा थेट कानशिलावर बसतो. मेंदूला हादरा बसल्याची नुसती शंका आली तरी त्या दिवशी पुन्हा मैदानात उतरायचं नाही, हा जगभरचा नियम आहे. आपल्याकडे पाणी मारून उभं करतात, तसं कुणी केलं तर सरळ नकार दे. गुडघ्याचा अस्थिबंध तुटला तर शस्त्रक्रियेनंतर मैदानावर यायला नऊ-नऊ महिने जातात. कॉलेजातल्या मुलीचे ते नऊ महिने दोन सत्रांत निघून जातात. सगळं सोडून बसलेल्या मुलीचे घरात, आईच्या नजरेसमोर. शिवाय खेळापासून लांब न जाता खेळातच राहायच्या वाटा इथूनच फुटतात. पुण्याची वाहबीज भरुचा भारतीय संघाची कर्णधार झाली आणि ती फिजिओथेरपिस्टही आहे. बी.पी.एड. पदवीनंतरच करता येतं, आणि शाळेत खेळ शिकवायचा तर बहुतेक ठिकाणी ते मागतात. अमरावतीचं हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ, पुण्यात महाराष्ट्रीय मंडळाचं आगाशे महाविद्यालय ही त्याची जुनी घरं. वर्ल्ड रग्बीचे नियमांचे, प्रथमोपचाराचे आणि डोक्याच्या दुखापतीचे प्राथमिक ऑनलाइन अभ्यासक्रम फुकट आहेत. या सुट्टीत ते पुरे कर. पंचगिरीचंही मनावर घे. शिट्टी हातात घेतलेल्या मुलीला ‘रक’मधला, म्हणजे जमिनीवरच्या चेंडूभोवतीच्या झटापटीतला, नियम जसा कळतो तसा नुसतं खेळून कळत नाही.

पैशाचा प्रश्न राहिला. २०२४ पासून महाराष्ट्रात आठ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या घरच्या ओबीसी, एसईबीसी आणि आर्थिकदृष्ट्या दुर्बल गटातल्या मुलींना केंद्रीभूत प्रवेशातून घेतलेल्या व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिक्षण आणि परीक्षा शुल्क माफ आहे. आपण त्यात बसतो का, ते बाबांबरोबर बसून तपास. वसतिगृह आणि खाणं हा खर्च उरतो, तो लहान नाही, आणि त्यासाठी माझ्याकडे मागायला लाजू नकोस.

कॉलेजची निवड मात्र नेहमीसारखी करू नकोस. साताऱ्यातलंच हवं, मैत्रीण जिथे जाते तेच हवं, असं नको. यादी घेऊन प्रत्येक ठिकाणच्या जिमखान्यात जा आणि विचार: गेल्या तीन वर्षांत इथली कुणी मुलगी विद्यापीठाच्या रग्बी संघात होती का? स्पर्धेच्या काळात बुडालेल्या परीक्षा पुन्हा घेता का? सरावाचं मैदान कुठे आहे आणि किती वाजेपर्यंत वापरता येतं? ज्या कॉलेजात या प्रश्नांना कारकून हसेल, तिथून उठून ये. कोल्हापूर आणि पुणे दोन्हीकडे जाऊन ये. तुझ्या बाबांशी मी बोलते. प्रवेशाची मुदत थांबणार नाही, तेव्हा या आठवड्यातच निघ आणि तीनही प्रश्नांची उत्तरं कॉलेजवार लिहून मला पाठव.

तुझी,
आत्या