वाफेची शक्ती आणि घरचा स्वयंपाक

ज्या घरात डाळ शिजत नाही असे घर भारतात विरळाच. तमिळनाडूतील सांबार, पंजाबातील राजमा, बंगालमधील मसुरीची डाळ आणि महाराष्ट्रातील वरण यांची चव निराळी, फोडणी निराळी. परंतु कठीण दाणा मऊ होऊन सुपाच्य बनण्याची क्रिया सर्वत्र एकच आहे. ही क्रिया त्वरेने घडवून आणणारे भांडे म्हणजे प्रेशर कुकर होय. आज ते खेड्यापाड्यांतील घरांतही पोहोचले आहे. मात्र त्याच्याविषयी दोन परस्परविरोधी वृत्ती आढळतात. काही जण त्याला इतके भितात की शिट्टीचा आवाज होताच दूर पळतात. तर काही जण इतके निर्धास्त असतात की वाफ कोंडलेली असतानाच झाकण ओढू लागतात. या दोन्ही वृत्तींच्या मुळाशी एकच गोष्ट आहे, ती म्हणजे वाफेच्या स्वभावाविषयीचे अज्ञान. जी वाफ डाळ शिजवते तीच हात भाजते. तिचे नियम समजले म्हणजे स्वयंपाक सुकर होतो, इंधन वाचते आणि अपघातही टळतात.

आधण आणि उत्कलनबिंदू

पातेल्यात पाणी तापत ठेवले की त्याचे तापमान वाढत जाते; परंतु पाण्याला उकळी फुटली की ही वाढ थांबते. समुद्रसपाटीला ही मर्यादा १०० अंश सेल्सिअस असते. त्यानंतर जाळ कितीही मोठा केला तरी उघड्या भांड्यातील पाणी अधिक तापत नाही. अधिकची उष्णता पाण्याची वाफ करण्यात खर्ची पडते. म्हणून आधण आल्यावर मोठा जाळ ठेवल्याने अन्न लवकर शिजते ही समजूत चुकीची आहे. त्याने पाणी लवकर आटते, एवढेच. उकळी टिकून राहील इतका मंद जाळ पुरेसा असतो.

ही १०० अंशांची मर्यादा हवेच्या दाबावर अवलंबून आहे. उंचावर हवेचा दाब कमी असतो, त्यामुळे पाणी लवकर उकळते. स्थूलमानाने दर ३०० मीटर उंचीला उत्कलनबिंदू एका अंशाने उतरतो. सिमल्याची उंची सुमारे २,२०० मीटर आहे; तेथे पाणी सुमारे ९३ अंशांना उकळते. लेह सुमारे ३,५०० मीटर उंचीवर आहे. तेथे ते ८८ अंशांनाच उकळू लागते. अशा ठिकाणी पातेल्यात पाणी खळखळत असूनही डाळ तासन्‌तास कच्ची राहते. खळखळाट म्हणजे उष्णता नव्हे, हे यावरून ध्यानात येईल.

कोंडलेल्या वाफेचा उपयोग

दाब कमी झाल्याने उत्कलनबिंदू उतरत असेल, तर दाब वाढविल्याने तो चढला पाहिजे. याच तत्त्वावर डेनिस पापँ या फ्रेंच शास्त्रज्ञाने १६७९ साली लंडनमध्ये एक घट्ट झाकणाचे भांडे रचले. त्यात हाडेदेखील मऊ होत असत. १६८२ साली या भांड्यात शिजविलेले भोजन रॉयल सोसायटीच्या सदस्यांना देण्यात आले होते. पापँची खरी दूरदृष्टी मात्र आणखी एका गोष्टीत दिसते. कोंडलेली वाफ भांडे फोडू शकते हे ओळखून त्याने वजनाने दाबून धरलेली एक झडप झाकणाला बसविली. दाब ठराविक मर्यादेपलीकडे गेला की झडप उचलली जाई आणि जादा वाफ निघून जाई. आपल्या कुकरची शिट्टी ही त्याच झडपेची वंशज आहे.

भारतातही वाफेच्या स्वयंपाकाचा एक उल्लेखनीय प्रयत्न झाला. कोलकात्याचे डॉक्टर इंदुमाधव मल्लिक यांनी १९१० साली इकमिक कुकर तयार केला. त्यात एकावर एक डबे रचलेले असत आणि तळाशी कोळशाची लहान शेगडी असे. भात, डाळ, भाजी एकाच आंचेवर शिजे. परंतु त्यात वाफ मोठ्या दाबाखाली कोंडली जात नसे. म्हणून स्वयंपाक सावकाश होई.

आजच्या घरगुती कुकरमध्ये बाहेरील हवेच्या दाबाहून दर चौरस सेंटिमीटरला सुमारे १ किलोग्रॅम अधिक दाब साठतो. त्यामुळे समुद्रसपाटीला आतील तापमान सुमारे १२० अंशांपर्यंत जाते. अन्न शिजण्याचा वेग दर १० अंशांना स्थूलमानाने दुप्पट होतो असे मानले, तर २० अंशांच्या वाढीने तो चौपट होईल. लेहसारख्या ठिकाणीही कुकरमधील तापमान ११० अंशांच्या पुढे जाते. डोंगराळ प्रदेशात कुकर ही चैन नसून गरज का आहे, याचे उत्तर येथे मिळते.

डाळ का शिजत नाही?

एवढे करूनही कधी कधी डाळ बोटचेपी होत नाही. डाळीच्या पेशी एकमेकींना पेक्टिन नावाच्या पदार्थाने सांधलेल्या असतात. उष्ण पाण्यात हे पेक्टिन विरघळले म्हणजे दाणा फुटून मऊ होतो. जड पाण्यातील कॅल्शियम व मॅग्नेशियम हे क्षार पेक्टिनला घट्ट बांधून ठेवतात. म्हणून विहिरीच्या किंवा कूपनलिकेच्या जड पाण्यात डाळ उशिरा शिजते. चिंच, आमसूल, टोमॅटो यांतील आम्लही पेक्टिन विरघळू देत नाही. यास्तव आंबट जिन्नस डाळ पूर्ण शिजल्यावरच घालावेत. फार दिवस साठविलेली कडधान्येही कठीण होतात. ती रात्रभर भिजत घालावीत.

डाळ लवकर शिजावी म्हणून चिमूटभर खाण्याचा सोडा घालण्याची रीत काही घरांत आहे. सोड्याने दाणा मऊ होतो हे खरे, परंतु त्याने थायमिन हे ‘ब’ गटातील जीवनसत्त्व नष्ट होते. डाळ आधी भिजवणे हा त्याहून चांगला उपाय होय.

राजम्याविषयी विशेष दक्षता घ्यावी. कच्च्या राजम्यात एक विषारी प्रथिन असते. ते पोटात गेल्यास मळमळ, उलट्या व जुलाब होतात. मंद उष्णतेवर, उकळी न येता शिजविलेल्या राजम्यात ते टिकून राहते. राजमा रात्रभर भिजवावा, ते पाणी टाकून द्यावे आणि नव्या पाण्यात कुकरमध्ये पूर्ण मऊ होईतो शिजवावा. अर्धवट शिजलेला दाणा चाखूनही पाहू नये.

एक सोपी कृती : मूगडाळीची खिचडी

साहित्य : तांदूळ १ वाटी, मूगडाळ अर्धी वाटी, पाणी ४ वाट्या, तूप २ चमचे, जिरे १ चमचा, हळद पाव चमचा, किसलेले आले थोडे, चवीपुरते मीठ.

कृती : तांदूळ व डाळ धुऊन २० मिनिटे भिजत ठेवावी व नंतर निथळून घ्यावी. कुकरमध्ये तूप तापवून जिरे तडतडू द्यावे. त्यात आले, हळद, डाळ व तांदूळ घालून दोन मिनिटे परतावे. पाणी व मीठ घालून झाकण लावावे. पहिली शिट्टी होताच आंच मंद करावी आणि ६ मिनिटांनी गॅस बंद करावा. दाब आपोआप उतरू द्यावा, त्यानंतरच झाकण उघडावे.

या कृतीतील प्रत्येक गोष्टीला कारण आहे. डाळ-तांदळाचे पाणी फेसाळते. तुपामुळे फेस कमी होतो. वाटी १५० मिलिलिटरची धरल्यास धान्य व पाणी मिळून सुमारे ८२५ मिलिलिटर भरते; म्हणजे ३ लिटरच्या कुकरचा निम्मा भागही व्यापला जात नाही आणि फेसाला वर येण्यास जागा राहते. शिट्टी म्हणजे जादा वाफ बाहेर पडल्याची खूण आहे. ती झाल्यावर मोठा जाळ ठेवणे म्हणजे इंधन वाया घालविणे होय. म्हणून शिट्ट्या मोजण्यापेक्षा मंद आंचेवरील मिनिटे मोजणे अधिक बिनचूक ठरते. गॅस बंद केल्यावरही आतील उष्णतेने शिजण्याचे काम काही काळ चालूच राहते. ती दहा मिनिटे फुकट जात नाहीत.

कुकर हाताळताना

कोंडलेल्या वाफेची शक्ती किती असते याचा हिशेब सोपा आहे. झाकणाचा व्यास २० सेंटिमीटर असेल तर त्याचे क्षेत्रफळ सुमारे ३१४ चौरस सेंटिमीटर होते. दर चौरस सेंटिमीटरला १ किलोग्रॅम याप्रमाणे झाकणावर आतून सुमारे ३१४ किलोग्रॅमचा भार पडतो. चार-पाच प्रौढ माणसांच्या वजनाइतका हा भार असतो. असे झाकण बळाने उघडणे किती घातक आहे हे निराळे सांगावयास नको. यास्तव पुढील नियम पाळावेत :

१. दर वेळी झाकण लावण्यापूर्वी वाफेची नळी उजेडाकडे धरून आरपार पाहावी. डाळीचे एखादे साल अडकले असल्यास ते काढावे.

२. डाळ व तांदूळ शिजविताना पाण्यासह कुकर निम्म्याहून अधिक भरू नये. इतर पदार्थांसाठी दोन-तृतीयांश ही मर्यादा समजावी.

३. पाण्यावाचून कुकर कधीही तापवू नये. पाणी आटून कुकर फाजील तापला किंवा नळी तुंबली, तर सेफ्टी व्हॉल्व्ह मोकळा होतो आणि वाफ बाहेर पडते. असा व्हॉल्व्ह एकदा उडाला की त्याच बनावटीचा नवा बसवावा. खिळा, नाणे किंवा लाख लावून ते भोक बुजविणे म्हणजे स्फोटाला आमंत्रण होय.

४. झाकणाची रबरी रिंग कडक झाली, चिरली किंवा सैल पडली की ती बदलावी.

५. बराच वेळ होऊनही शिट्टी झाली नाही तर गॅस बंद करून कुकर पूर्ण थंड होऊ द्यावा. वाकून पाहू नये.

उकळते तेल आणि गॅस

उघड्या कढईतही वाफ घात करू शकते. पुऱ्या तळताना तेलाचे तापमान सुमारे १८० अंश असते. दुर्लक्ष झाल्यास तेल धुमसून पेट घेते. त्यावर पाणी ओतले तर ते तळाशी जाऊन तत्क्षणी वाफ बनते. एका मापाच्या पाण्यापासून सुमारे १,७०० मापे वाफ होते. ही वाफ जळते तेल छतापर्यंत उडविते. म्हणून पेटलेल्या कढईवर पाणी मुळीच टाकू नये व ती उचलूही नये. शक्य असल्यास गॅस बंद करावा, मोठे झाकण सरकवून कढई झाकावी आणि ती निवेपर्यंत झाकण काढू नये.

स्वयंपाकाचा गॅस हवेहून जड असल्याने गळती झाल्यास तो जमिनीलगत साचतो. गळती कळावी म्हणून त्यात मुद्दाम उग्र वासाचे द्रव्य मिसळलेले असते. असा वास येताच रेग्युलेटर बंद करावा, देव्हाऱ्यातील दिवा किंवा उदबत्ती असल्यास विझवावी व दारे-खिडक्या उघडाव्यात. विजेचे बटण लावू नये आणि बंदही करू नये, कारण दोन्ही वेळा ठिणगी उडते. नंतर घराबाहेर जाऊन १९०६ या क्रमांकावर कळवावे.

भाजल्यास

वाफेने भाजणे उकळत्या पाण्याने भाजण्याहून अधिक तीव्र असते. १ ग्रॅम उकळते पाणी शरीराच्या तापमानापर्यंत निवताना सुमारे ६३ कॅलरी उष्णता देते. परंतु १ ग्रॅम वाफ नुसती पाण्यात रूपांतरित होतानाच सुमारे ५४० कॅलरी देते. म्हणून झाकण नेहमी स्वतःपासून दूरच्या बाजूने उचलावे.

भाजलेला भाग तत्काळ नळाच्या थंड वाहत्या पाण्याखाली २० मिनिटे धरावा. सूज येण्यापूर्वी अंगठी व बांगड्या काढाव्यात. बर्फ, टूथपेस्ट, हळद, तेल, शाई यांपैकी काहीही लावू नये. फोड फोडू नयेत. स्वच्छ, सैल कापडाने भाग झाकावा. भाजलेला भाग तळहाताहून मोठा असेल, चेहऱ्यावर, हातांवर किंवा सांध्यांवर असेल, किंवा भाजलेले मूल लहान असेल, तर विलंब न लावता डॉक्टरांकडे न्यावे.

स्वयंपाकघरातील ज्ञान परंपरेने एका पिढीकडून दुसरीकडे जाते. त्या परंपरेतील बऱ्याच गोष्टी अनुभवाने सिद्ध झालेल्या आहेत. काही मात्र तपासून टाकून देण्याजोग्या आहेत. कोणती ठेवावी व कोणती सोडावी हे कारण समजल्यावाचून ठरविता येत नाही. घरातील मुलामुलींना पाककृतीबरोबरच तिच्यामागील कारणही शिकविले, तर ती दोन्ही गोष्टी विसरणार नाहीत.

उजळणीसाठी प्रश्न

१. आधण आल्यावर आंच मंद करणे योग्य का ठरते?

२. लेह येथे पातेल्यात डाळ शिजण्यास अधिक वेळ का लागतो?

३. आमटीत आमसूल केव्हा घालावे, व का?

४. आपल्या घरातील कुकरच्या झाकणाचा व्यास मोजा आणि त्यावर आतून पडणारा भार काढा.

५. पेटलेल्या तेलावर पाणी टाकल्यास काय घडते?