अनुकरण आणि अनुसरण
(श्रीमद्भगवद्गीता, अध्याय ३, श्लोक २१ ते २६ यांच्या अनुषंगाने)

आशय

गीतेच्या तिसऱ्या अध्यायातील २१ व्या श्लोकात भगवान श्रीकृष्णांनी लोकव्यवहाराचा एक नियम सांगितला आहे. श्रेष्ठ गणला गेलेला पुरुष जसा वागतो तसे इतर जन वागतात, आणि तो जे प्रमाण मानतो त्याच्याच मागे ते जातात. येथे भर उपदेशावर नाही, आचरणावर आहे, हे साधकाने ध्यानी घ्यावे. त्यानंतर भगवंत स्वतःचाच दाखला देतात. त्यांना तिन्ही लोकांत मिळवावयाचे असे काही उरलेले नाही. तरी ते कर्मात वर्ततात, कारण त्यांनी कर्म टाकले तर माणसे तीच वाट धरतील. २६ व्या श्लोकात ज्ञात्यावर भार ठेवला आहे : अज्ञ जनांची बुद्धी डळमळू देऊ नये, स्वतः नीट आचरून त्यांना सत्कर्मी लावावे.

'श्रेष्ठ' हा शब्द मात्र सापेक्ष आहे. बालकाला घरातील वडीलधारी माणसे श्रेष्ठ, आणि नुकत्याच अनुसरलेल्या साधकाला आश्रमातील ज्येष्ठ साधू श्रेष्ठ. म्हणून हा नियम राजे आणि आचार्य यांच्यापुरता नसून प्रत्येक वासनिकाला लागू होतो.

दृष्टान्त

सांगली जिल्ह्यातील ऐतवडे बुद्रुक येथील पाटील घराण्यातील कर्मवीर भाऊराव यांनी १९१९ साली कऱ्हाडजवळील काले या गावी रयत शिक्षण संस्था स्थापन केली. १९२४ साली त्यांनी साताऱ्यात वसतिगृह उघडले. १९२७ साली महात्मा गांधींच्या उपस्थितीत त्याला छत्रपती शाहू महाराजांचे नाव देण्यात आले. तेथे निरनिराळ्या जातींची मुले एका छपराखाली राहत, आपला स्वयंपाक आपण करीत आणि एकत्र जेवत. स्वतः भाऊराव मुलांबरोबर अंगमेहनतीला उभे राहत. वसतिगृहाच्या अडचणीच्या वेळी त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई यांनी अंगावरचे दागिने, शेवटी मंगळसूत्रही मोडले.

खेड्यातून आलेल्या मुलाने विटाळाची समजूत घरूनच आणलेली असे. तीही त्याला कोणी पुस्तकातून शिकविलेली नव्हती. आईने पाणी वरून ओतताना आणि वडिलांनी अंग चोरताना पाहून तो शिकला होता. जे पाहून अंगी जडले, ते दुसरे पाहूनच सुटू शकत होते. वसतिगृहात मोठा मुलगा शेजारच्याचे जात न विचारता ताट वाढतो, हे लहान मुलगा रोज पाही. चार दिवस तो बिचके. मग तोही वाढू लागे. त्या ठिकाणी पंगत हाच पाठ होता.

या गोष्टीचा शोध अलीकडच्या मानसशास्त्रानेही घेतला आहे. अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठात अल्बर्ट बांडुरा यांनी १९६१ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. एका मोठ्या बाहुलीला मारझोड करणारा प्रौढ मनुष्य मुलांना दाखविला. पुढे त्या मुलांनी बाहुलीला तशीच मारझोड केली, कित्येकांनी त्याचे शब्दही उचलले. १९६५ साली प्रसिद्ध झालेला त्यांचा दुसरा प्रयोग अधिक विचार करावयास लावणारा आहे. मारझोड करणाऱ्यास शिक्षा झाल्याचे ज्या मुलांनी पाहिले, त्यांनी अनुकरण कमी केले. परंतु 'पाहिले ते करून दाखवा, बक्षीस मिळेल' असे सांगताच त्यांनीही ते इतर मुलांइतकेच करून दाखविले. अर्थात, मूल एखादी गोष्ट करीत नाही, एवढ्यावरून ते ती शिकले नाही असे ठरत नाही. पाहिलेले आत साठते आणि प्रसंग येताच बाहेर पडते.

दार्ष्टान्तिक

सातारा जिल्ह्यातील फलटण हे श्रीचक्रपाणी प्रभूंचे जन्मस्थान. तेथे स्थानवंदनास आलेल्या कुटुंबातील बालक आजोबांच्या शेजारी दंडवत घालते, आजोबांप्रमाणेच स्थानाला मस्तक टेकते. दंडवत कसा घालावा हे त्याला कोणी सांगावे लागत नाही. परंतु तेच आजोबा गावच्या जत्रेत, 'भावकीचा मान मोडवत नाही' म्हणून, बोकडाच्या पंगतीला जाऊन बसले, तर बालक तेही पाहते. घरी झालेले अहिंसेचे निरूपण त्याच्या कानावर असते आणि पंगत त्याच्या डोळ्यांपुढे असते. त्या दिवशी ते काही बोलत नाही. वीस वर्षांनी स्वतःचे घर चालविताना त्यातले कोणते वर येईल, हे सांगण्यास ज्योतिषी नको.

आश्रमातही हेच घडते. ज्येष्ठ साधूने भिक्षान्नाची चव वाखाणली किंवा निंदिली, की नवा साधक झोळी धरण्याबरोबर जिभेचे लाडही शिकतो.

येथे पंथाच्या परिभाषेतील एक भेद उपयोगी पडतो. संसार त्यागून धर्मात येण्यास आपल्याकडे 'अनुसरणे' म्हणतात, 'अनुकरणे' म्हणत नाहीत. अनुकरण दिसेल ते उचलते, त्यात गुणदोषांची निवड नसते. अनुसरणात आज्ञा जाणून, तिचा हेतू ओळखून पाऊल टाकावयाचे असते. म्हणूनच सर्वज्ञ श्रीचक्रधर स्वामींची लीळा हा स्मरणाचा विषय आहे आणि आचरावयाची ती त्यांची आज्ञा. सन्निधानात असलेल्यांनी जे पाहिले ते म्हाइंभटांनी विचारून विचारून लीळाचरित्रात एकत्र केले, श्रीनागदेवाचार्यांकडून पडताळून घेतले. ज्यांना पाहता आले नाही त्यांना स्मरण करता यावे, हा त्या परिश्रमाचा लाभ.

तथापि अनुसरणाची पात्रता येईपर्यंत बालक अनुकरणानेच वाढते, आणि नवा साधकही प्रथम पाहूनच चालू लागतो. त्या काळात त्याच्यापुढे काय ठेवले जाते, याचे उत्तरदायित्व वडीलधाऱ्यांचे आहे. यासाठी दोन गोष्टी कराव्यात. कृतीबरोबर तिचे कारण सांगावे, म्हणजे अनुकरणाचे अनुसरण होऊ लागते. आणि आपल्या हातून चूक घडली असता ती लहानांपासून लपवू नये. त्यांच्यासमक्ष अनुताप व्यक्त करून प्रायश्चित्त घ्यावे. चूक त्यांनी पाहिलेली असतेच. ती सुधारावी कशी, हेही त्यांना पाहू द्यावे.